कुंडलची वाइन आणि काकांची रम

पुण्याहून निघताना मैत्रिणींना छातीठोकपणे सांगून बसले होते की शनिवारी सांग्रिया (वाइनमध्ये जरा कडक दारू आणि फळं मुरवून करतात ती) पाजीन, आणि तीही आपल्या मातीतली. वाइन सांगलीची, रम साताऱ्याच्या काकांची. काका निवृत्त सुभेदार. कॅन्टीनची बाटली ते गंगाजलासारखी जपतात. ती मिळाली नाही, तर माझं हसं ठरलेलं.

कुंडलच्या रस्त्याला दोन्हीकडे द्राक्षबागा. वाइनच्या दुकानात मी सगळ्यात भारी बाटली उचलली. मालकांनी ती हळूच काढून घेतली.

"आवं ताई, फळं घालून ही कशाला नासवताय? साधी लाल घ्या. गोड नको, गोडी संत्र्यात हायच की."

साधी घेतली आणि संत्री, सफरचंदं घेऊन दुपारी रहिमतपूरला काकांकडे पोचले.

"रममधी फळं? गावात तोंड दाखवायचं हाय मला," काका म्हणाले. "आधी वाडगाभर करून दाव. जमलं तर बाटली ने."

"आज संकष्टी हाय," काकी आतून म्हणाल्या. "चंद्र दिसंस्तवर थेंबबी न्हाई."

मी वाडग्यात वाइन ओतली, काकांनी जड हाताने रम घातली, वर फोडी टाकल्या. वाडगा झाकून आम्ही गप्पा मारत बसलो. काकांचं लक्ष झाकणावर.

"फळं चालत्यात नव्हं उपासाला?"

"चालतात की," मी म्हणाले. मी तरी कशाला नाही म्हणू?

काकांनी एक फोड खाल्ली, मग दुसरी. पाचवीला काकी दारात उभ्या. संपलं, आता बाटली कसली मिळते, असं मला वाटलं.

काकी शेजारी बसल्या आणि संत्र्याची फोड तोंडात टाकली. "उपास मलाबी हाय," त्या म्हणाल्या. थोडा वेळ चावत राहिल्या. "संत्रं झ्याक. सफरचंदाला रम कमी पडली."

वाडग्यातली फळं संपली. लाल रसाला मात्र दोघांनी बोट लावलं नाही. नेम म्हणजे नेम.

निघताना काकींनी बाटली स्वतः माझ्या पिशवीत ठेवली. "लाल पाणी पाहुण्यांस्नी दे. फळं डब्यात घालून इकडं धाड."

शनिवारी मी सांग्रिया गाळूनच पेल्यांत ओतली. सगळ्यांना ती आवडली आणि मी मनातून फार सुखावले. एकीने पेल्यात डोकावून विचारलं, "अगं, हिच्यात फळं असतात ना?"

"असतात," मी डब्याचं झाकण घट्ट लावत म्हणाले. "पण ती उपासाची आहेत."