यंत्राला लावलेलं कुंकू

लहानपणी मला वाटायचं, माझे बाबा ढगात कामाला जातात. चारकोपच्या औद्योगिक वसाहतीच्या टोकाला, खाडीकडच्या बाजूला तो बर्फाचा कारखाना होता. आईने दिलेला डबा घेऊन मी तिथे गेले की दारातून पांढरी वाफ पायाशी सरपटत यायची. आत लादीवरून बर्फाचे मोठाले ठोकळे घसरत जायचे. कोळीवाड्यातल्या मावश्या टोपल्या घेऊन बसलेल्या असायच्या, त्यांची लुगडी त्या धुक्यात रंगीत डागांसारखी दिसायची. मग वाफेतून बाबा बाहेर यायचे आणि डबा घ्यायचे. त्यांच्या शर्टाला एक तिखट वास असायचा, डोळ्यांत पाणी आणणारा. तो अमोनियाचा वास होता हे मला फार पुढे कळलं. तोवर मला तो बाबांचाच वास वाटायचा.

बर्फ होतो तो या अमोनियाच्या जिवावर, आणि हाच वायू गळला तर माणसाचा जीव घेतो. कॉम्प्रेसरच्या खोलीत बाबा पाळीभर एकटेच असत. गळती झाली तर ती वेळेत कळणं, एवढीच त्यांच्या जगण्याची हमी. ती हमी म्हणजे त्यांचं नाक. बाबा वाऱ्याची दिशा बघून कुठला सांधा पाझरतोय ते सांगत. घरी जिन्यातूनच ओरडत, "आज बांगडो तळलास काय गो?" आमचे आजोबा गिरणीत कानाने बहिरे झाले, बाबांनी नाक कमावलं. त्याचा त्यांना भारी गर्व होता.

मी मोठी होऊन नेमकी वायुगळतीचे इशारे देणारी यंत्रं बसवायच्या धंद्यात पडले. अंधेरीपासून मुलुंडपर्यंत कारखान्याकारखान्यांत फिरते. यंत्र बसवलं की काम संपत नाही, मधूनमधून त्याच्यासमोर छोट्या नळकांड्यातला खरा वायू सोडून बघावं लागतं, जागं आहे का म्हणून. आम्ही त्याला वास दाखवणं म्हणतो. देवाला नैवेद्य दाखवावा तसा. मला हे काम मनापासून आवडतं. रिकाम्या खोलीत, दुपारच्या तिरप्या उन्हात, यंत्राच्या तोंडाशी नळी धरून उभं राहायचं आणि आकडा हळूहळू चढताना बघायचा. कधीकधी यंत्र श्वास घेतंय असंच वाटतं.

बाबांच्या कारखान्याचं काम आमच्याकडे आलं तेव्हा बाबांच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. कॉम्प्रेसरच्या वर, छताजवळ मी यंत्र लावत होते आणि ते खालून सगळ्यांना ऐकवत होते, "माझ्या चेडवानच माझा नाक कापल्यान! नाकापरास मोती जड!"

"बाबा, नाक झोपतं. हे झोपत नाही," मी शिडीवरून म्हटलं.

"बघूया, कोण आधी झोपता ता!"

पुढे एकदा बाबांना मोठा ताप येऊन गेला. त्यातून ते उठले, कामावरही रुजू झाले. फक्त जिन्यातून ओरडेनासे झाले. ताटावर बसून विचारायचे, "आज काय केलंस?" वय झालं, असं मला वाटलं. आईलाही तसंच वाटलं.

दसऱ्यानंतर तपासणीला गेले तेव्हा कारखाना अजून सणातून उठायचा होता. कॉम्प्रेसरवर सुकलेले झेंडूचे हार, आपट्याची पानं, फुटलेल्या नारळाचा खोबरट वास. खंडेनवमीला सगळ्या यंत्रांना आंघोळ आणि गंध होतंच. माझ्या यंत्राचा हिरवा दिवा शांत जळत होता, आकडा शून्य. मी शिडी चढले, वास दाखवला. शून्य. नळी नीट बसवून पुन्हा दाखवला. शून्यच.

मग दिसलं. जिथून यंत्र हवा आत घेतं, त्या बारीक जाळीवरच हळदीकुंकवाचा गोल टिळा. ओलं कुंकू भोकाभोकांत उतरून वाळलं होतं. सगळ्या यंत्रांत नेमकं याचंच तोंड कपाळासारखं वाटोळं!

"कुठल्या शहाण्याने हे लावलं?" मी वरूनच कडाडले. "वाट लावली ना! नाक बुजवून ठेवलंत त्याचं!"

खाली बाबा एकटेच उभे होते. त्यांनी टोपी काढली.

"मीच," ते म्हणाले.

मी खाली उतरले. इतकी वर्षं ज्याला डबडं म्हणून हिणवलं, त्याला या माणसाने शिडी चढून कुंकू लावलं होतं. का, ते त्यांनीच सांगितलं.

"ताप इलो तेवापासून माका वास नाय गो. कसलोच नाय. आता ह्याच माझा नाक. म्हणान लावलंय."

म्हणजे खंडेनवमीपासून आजपर्यंत या खोलीत ना बाबांना नाक होतं, ना यंत्राला. मला त्यांचा संताप आला आणि त्याच क्षणी त्यांना घट्ट धरावंसं वाटलं. दोन्हींतलं काहीच जमलं नाही.

"मालकांना सांगावं लागेल, बाबा. इथे एकट्याने राहायचं नाही आता."

"सांगूया. दोघांव जावया," ते म्हणाले. "पण आधी हेका जागा कर."

मी जुनी जाळी काढली, नवी बसवली आणि वास दाखवला. आकडा चढला. तांबडा दिवा फिरू लागला, भोंगा सगळ्या कारखान्यात घुमला. बाबांनी यंत्राला हात जोडले.

भोंगा बंद करून मी नळी काढली, तेव्हा उरलेला थोडासा वायू हवेत सुटला. शिडीच्या पायथ्याशी बाबांनी मान वर केली, नाकपुड्या फुगवल्या. वाट बघितली.

"तुका इलो?"

"आला."

"कसो हा?"

माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं, ते वायूचं म्हणून खपून गेलं असतं.

"तुमच्या शर्टासारखा," मी म्हटलं.