खुंटा मी बघितला नव्हता

बावीस वर्षांपूर्वी मी नायब सुभेदार होतो. उत्तरेतली एक बर्फाळ पोस्ट माझ्या ताब्यात होती. आम्ही अकरा जण. खाली उतरायला एकच वाट, उभ्या उतारावरचा दोर. दोराचा लोखंडी खुंटा बर्फात ठोकलेला. बर्फ सैल झालं की खुंटाही सैल होतो. म्हणून रोज सकाळी सहाला पोस्ट कमांडरने स्वतः जाऊन तो हाताने हलवून बघायचा आणि साडेसहाला रेडिओवर कंपनीला कळवायचं. याला फौजेत 'ऑल ओके रिपोर्ट' म्हणतात. हे शब्द रोज बोलून जिभेवर इतके बसतात, की बोलताना माणूस विचारच करत नाही.

त्या दिवशी मी गेलो नाही. बाहेर वारा होता, स्टोव्हवर चहा होता.

साडेसहाला कंपनीने विचारलं, "दोर?"

"ऑल ओके."

आठ वाजता तिघांची गस्त निघाली. पुढे नायक इमानुएल साळवे, पिंपरीचा. पोस्टवर ख्रिस्ती आम्ही दोघंच. दर रविवारी एकत्र प्रार्थना करायचो. दोराला हात घालण्याआधी तो थांबला.

"साहेब, खुंटा बघितला ना?"

"बघितला. माझ्यावर विश्वास नाही का?"

"तुमच्या शब्दावर चाललोय हां. वर स्वर्गाच्या दारात पेत्राने विचारलं कुणी पाठवलं, तर तुमचंच नाव सांगीन."

मागचे दोघे हसले. आठ वाजून बारा मिनिटांनी खुंटा निघाला. दोरावर इमानुएल एकटाच होता.

चौकशीत मी लिहून दिलं, खुंटा सहाला तपासला होता. कारण ठरलं हवामान. त्याच्या बायकोला, मार्थाला, मी पत्र पाठवलं. त्यात लिहिलं, प्रभूची इच्छा.

रिटायर होऊन मी सांगवीत राहायला आलो. चिंचवडच्या आमच्या चर्चमध्ये दरवर्षी इमानुएलच्या स्मरणाची उपासना होते. मला साक्ष द्यायला उभं करतात. मी प्रभूची इच्छा म्हणतो, मंडळी आमेन म्हणते. साक्ष हा शब्द कोर्टातही आहे. तिथे खोटी दिली तर शिक्षा होते.

यंदा मार्था चाकणच्या कंपनीतून, फर्स्ट शिफ्ट संपवून, युनिफॉर्मवरच आली. पाळकांचं बोलणं झाल्यावर उभी राहिली.

"पाळकसाहेब, खुंटा प्रभूने उपटला का? तेवढं सांगा."

"ताई, असे प्रश्न अविश्वासातून येतात."

मागून कोणीतरी पुटपुटलं, "दरवर्षी हिचं तेच."

माझं डोकं सणकलं. ही बाई बावीस वर्षं एक सरळ प्रश्न विचारते आहे आणि आम्ही देवाचं नाव पुढे करून तिचं तोंड बंद करतो! पहिलं बंद केलं ते मीच. मी उठलो.

"खुंटा मी बघितला नव्हता. बघितला म्हणून खोटं सांगितलं. त्यालाही आणि चौकशीतही."

आमेन कोणी म्हटलं नाही.

मार्था म्हणाली, "काका, बावीस वर्षं तुम्ही मला देवाशी भांडायला लावलंत. भांडण तुमच्याशी होतं." डब्याची पिशवी उचलून ती निघून गेली.

बाहेर पाळकांनी मला गाठलं. "तरी सगळं प्रभूच्याच हातात असतं ना, काका?"

असतं. मी ते मानतो. पण तो खुंटा त्याने अजून तासभर का धरून ठेवला नाही, हे मला आजही कळत नाही. रोज विचारतो, चिडून विचारतो. उत्तर येत नाही. तरी विचारतो त्यालाच. दुसऱ्या कोणाला विचारावं असं कधी वाटलं नाही. माझा विश्वास आहे तो एवढाच. मात्र सकाळी सहाची ड्यूटी देवाची नव्हती. ती माझी होती. माझा कामचुकारपणा त्याच्या नावावर खपवणं आता बस झालं. नवा जबाब सही करून रेजिमेंटकडे पाठवला आहे. त्यांना काय करायचं ते करोत.

नायक इमानुएल साळवे. वय एकतीस. प्रार्थनेत गीत नेहमी एक सूर वर धरायचा आणि मला ओरडायला लावायचा. दोराला हात लावण्याआधी त्याने मला विचारलं होतं. त्याची शंका खरी होती.