वाकून या

टॉर्चमामांनी आयुष्यभर एकच काम केलं. उशिरा आलेल्या माणसाला आत घेतलं.

चौकातल्या थिएटरात ते डोअरकीपर होते. सिनेमा सुरू झाल्यावर धापा टाकत येणारी माणसं तुम्ही पाहिली असतील. तिकीट दातांत, एका हातात मूल, दुसऱ्या हातात त्या मुलाची एकच चप्पल. अशांना मामा कधी टाकून बोलले नाहीत. टॉर्च पायांवर धरायचा, तोंडावर कधी मारायचा नाही, हा त्यांचा नेम. "वाकून या, वाकून," असं कुजबुजत ते पुढे चालायचे आणि मागून ते अख्खं कुटुंब बदकांसारखं ओळीनं यायचं. कुणाला कुठं बसवलं ते त्यांच्या डोक्यात कायमचं बसे. खेळ संपल्यावर कुणाचा म्हातारा सापडेना, तर मामा तिकडे न बघताच सांगत, "खांबाशेजारची दुसरी खुर्ची. झोपलेत. हळू उठवा, दचकतात." 'हाउसफुल्ल'ची पाटी लावतानाही हा माणूस रांगेची माफी मागायचा.

घरी मामी. त्यांची छाती लहानपणापासून नाजूक. बोलता बोलता मध्येच थांबायच्या, श्वास घ्यायच्या आणि वाक्य जिथं ठेवलं होतं तिथूनच उचलायच्या. भांडणात नवऱ्याला मध्ये घुसायला एवढी सोयीची जागा कुठल्याच बायकोनं दिली नसेल, पण मामांनी ती कधी घेतली नाही. मामींचं शिवणाचं मशीन खिडकीशी होतं. ते चालू असलं की मामा निवांत. थांबलं, की बोलणं कितीही रंगात आलेलं असो, त्यांची मान खिडकीकडे वळायची.

मग तो आजार आला. सगळ्यात आधी थिएटर बंद झालं. मामा टॉर्च घरी घेऊन आले, म्हणाले, "त्याला एकट्याला तिथं अंधारात काय ठेवायचं?" नंतर आमच्या गल्लीच्या टोकाला राहणारे घड्याळजी रुग्णवाहिकेत बसून गेले. त्यांच्या दुकानातली घड्याळं आणखी काही काळ चालत राहिली, पण घड्याळजी परत आले नाहीत.

डॉक्टरांनी मामांना बाजूला घेऊन सांगितलं, "हे तुमच्या घरात शिरलं तर मामींच्या छातीला पेलणार नाही. मी गोड बोलत नाही, मामा." त्या दिवसापासून मामांनी आपलं अंथरूण ओट्यावर टाकलं आणि ताट खिडकीतून घेऊ लागले.

गल्लीच्या तोंडाशी आडवा बांबू बांधला गेला. आतला बाहेर नाही, बाहेरचा आत नाही. दूध-पाव बांबूपाशी टेबलावर ठेवायचा. आता तिथं कुणीतरी बसायला हवं होतं. मामांचं घर बांबूला लागूनच, त्यांना काम नव्हतं आणि थिएटरचा पितळी बटणांचा युनिफॉर्म होता. एवढं बघून अख्ख्या गल्लीनं एका आवाजात त्यांचं नाव घेतलं. ज्या माणसानं जन्मात कुणाला दारातून परत पाठवलं नव्हतं, त्याला आम्ही दार बंद ठेवायला बसवलं!

पहिल्या दिवशी मामा जेवणाच्या वेळेपर्यंत कडक होते.

मग घड्याळजींच्या शेजारच्या म्हातारीचा मुलगा आला. "मामा, फक्त आईला बघतो. उंबऱ्याच्या आत पाय ठेवणार नाही."

मामांनी डावीकडे बघितलं, उजवीकडे बघितलं. "वाकून या," ते म्हणाले.

त्यानंतर बुद्धिबळवाले आले. हे रोज संध्याकाळी मास्तरांकडे खेळायला यायचे. "अहो मामा, डाव अर्धा राहिलाय. माझा घोडा अडकलाय तिथं!"

"घोडा काय उपाशी मरतोय?"

"मास्तर मरतायत हो एकटे बसून. पटकन हरतो आणि येतो."

"या. वाकून."

मग वरच्या मजल्यावरच्या दोघी बहिणींनी केस कापणारीला बोलावलं. तीही वाकून आली. गंमत अशी, की बांबू जागचा हलत नव्हता. त्यामुळे नियम मोडतोय असं कुणाला वाटतच नव्हतं. जो तो खाली वाकून नियमाला जणू नमस्कारच करून आत येत होता. मागे वळून बघावं तर बांबू होता तिथं, शिस्तीत आडवा. आम्हीही एकमेकांना फोनवर सांगत होतो, आमच्याकडे कडक बंदोबस्त आहे म्हणून.

मग खोकला सुरू झाला. आधी म्हातारीकडे. मग एका सकाळी मास्तरांचा रेडिओ लागला नाही. मग वरच्या दोघी बहिणींची कधी न थांबणारी वादावादी थांबली, आणि ती शांतता ऐकून आम्ही खिडक्या लावून घेतल्या.

नर्सताई आली ती डोक्यापासून पायापर्यंत प्लॅस्टिकमध्ये. चष्म्यावर आतून वाफ. तिचं तोंड आम्ही कधी पाहिलं नाही. तिनं तीन दारांवर लाल कागद चिकटवले आणि गल्लीच्या मध्यावर उभी राहून विचारलं, "बाहेरून आत कोण कोण आलं होतं?"

खिडक्यांच्या फटी एकेक करून मिटल्या. मामा उठले. थिएटरातल्या त्या हळू आवाजात सांगू लागले, "म्हातारीचा मुलगा. आधी पायरीवर बसला, मग आत गेला. बुद्धिबळवाले मास्तरांच्या मधल्या खोलीत, पंख्याखाली. केस कापणारी वर, दोघी बहिणींकडे. जाताना मास्तरांकडे चहा प्यायली."

ते सांगत होते तशी नर्सताईची मान एकेका दाराकडे वळत होती. मामांचीही वळली. प्रत्येक वेळी नजर लाल कागदावर जाऊन थांबत होती. मामांचा आवाज खाली खाली गेला.

"वाट मी दाखवली," ते म्हणाले.

"मामा, त्या विषाणूला पाय नसतात," नर्सताई म्हणाली. "त्याला कुणीतरी घेऊन यावं लागतं." मग तिनं लाल कागदांच्या पुढच्या दाराकडे बोट केलं. "हे कुणाचं घर?"

आतून शिवणाच्या मशीनचा आवाज येत होता.

"माझं," मामा म्हणाले.

मास्तर गेले. पट तसाच मांडलेला राहिला आणि घोडा अडकला तो अडकलाच. बुद्धिबळवालेही आजारी पडल्याचं कळलं.

त्या दिवशी मामांनी आणखी एक बांबू आणला आणि पहिल्याच्या खाली, गुडघ्याच्या उंचीवर करकचून बांधला. आता सहज वाकून यायला जागा उरली नाही. लोकांनी विनवण्या केल्या, मग टोमणे मारले. "काय मामा, आज कुठला सिनेमा?" "मामा, ब्लॅकनं तिकीट आहे का?" ज्याच्या तोंडून कधी वावगा शब्द आला नाही, तो माणूस नुसता बघत बसायचा, आणि त्या बघण्याला लोक परत फिरायचे.

पाठीमागच्या गल्लीत अजून कुणी खोकलं नव्हतं, म्हणून तिथला बांबू काढून लोकांनी त्यावर चादरी वाळत घातल्या होत्या. लवकरच तिकडे रुग्णवाहिका मागे घेतानाची ती पीं-पीं छपरांवरून ऐकू येऊ लागली. आधी कधीतरी, मग रोज, मग आम्ही मोजणं सोडलं. आमच्याकडे चौथा लाल कागद लागला नाही. पण जे घडलं नाही ते काही दिसत नाही. मामांचे आभार कुणी मानले नाहीत. दाढी-केस वाढलेली आमची गल्ली त्यांना शिव्याच देत होती.

अशा एका तिन्हीसांजेला मामांची मुलगी आली. ती जन्मली सिनेमाच्या मध्यंतरात, म्हणून गल्ली तिला 'मध्यंतर' म्हणे. मामांची ती बाळी. लांबच्या शहरात मोठ्या दुकानात नोकरीला होती. दुकान बंद झालं, खोलीमालकानं जायला सांगितलं.

"बाबा!"

"बाळी? अगं, आलीस कशी तू?"

"भाजीच्या ट्रकमधून. कोबीवर बसून आले. सरक ना जरा."

मामा सरकले नाहीत. "शाळेत जा, बाळी. बाहेरून आलेल्यांची तिथं सोय केलीय. खाट आहे, चहा देतात."

"मला काय धाड भरलीय? वाऱ्यानं घसा बसलाय नुसता."

मशीन थांबलं. मामी खिडकीशी आल्या. "आली का? अहो, आत घ्या तिला, तोंड बघा कसं..." त्या थांबल्या, श्वास घेतला, "...सुकलंय!"

"बाबा, परक्यांना सोडलंस म्हणे. मीच नको का?"

"परक्यांना सोडलं. ते मास्तरांचं दार बघ."

बाळी हसली. बापाचा नकार तिनं कधी ऐकलेलाच नव्हता, तो तिला खरा कसा वाटावा? ही पोर थिएटरात चालायला शिकली तीच वाकून. तिनं एक पाय खालच्या बांबूवरून टाकला आणि वरच्याखाली डोकं घातलं.

मामांनी टॉर्च पेटवला. तिच्या तोंडावर.

बाळी जागच्या जागी थिजली. त्या उजेडात सगळं दिसलं. डोळे लाल, आणि गार वारा सुटलेला असून कपाळावर घाम.

"बाबा, डोळ्यांत मारतोयस."

"मागे हो. जागा नाही."

"अहो, दगड आहात का?" खिडकीतून मामी ओरडल्या. "पोटची पोर ती, तिला असं..." त्या श्वासाला थांबल्या, आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा मामा त्या जागेत बोलले.

"हा जो आत्ता घेतलास ना श्वास, त्याच्यासाठी."

बाळीनं पाय मागे घेतला. सुटकेसचं एक चाक मोडलेलं होतं. ते रस्त्यावर घासत गेल्याचा आवाज बराच वेळ येत होता. वळणापर्यंत मामांनी टॉर्च तिच्या पायांपुढे धरून ठेवला. मामी त्या दिवसापासून नवऱ्याशी बोलेनाशा झाल्या.

पुढच्या आठवड्यात एका दुपारी नर्सताई बांबूपाशी आली. "मामा, मुलीला शाळेतून दवाखान्यात हलवलंय. ताप उतरत नाहीये." आणि मग, काहीतरी बरं बोलावं म्हणून, "आत सोडलं नाहीत ते चांगलं केलंत. मामींचं काही खरं नव्हतं."

"आणि तिचं?"

नर्सताईनं चष्मा बाहेरून पुसला. वाफ आत होती. "बघू या," ती म्हणाली आणि गेली.

खिडकीत मशीन थांबलं. मामांची मान वळली. मामींनी अबोला सोडून विचारलं, "अहो, बाळीचा फोन आला का?"

"आला."

"काय म्हणाली?"

"झोप चांगली झाली म्हणाली. चहा मात्र पाणचट देतात म्हणाली."

"तिला लागतोच..." मामींनी श्वास घेतला. मामांनी तो पूर्ण होऊ दिला. "...कडक."

मशीन पुन्हा सुरू झालं. पाठीमागच्या गल्लीत पीं-पीं वाजत होतं. मामा खुर्चीत बसले. भर उन्हात त्यांच्या हातातला टॉर्च पेटलेला होता, आणि बांबूपलीकडच्या रिकाम्या रस्त्यावर, कुणाचे पाय असावेत तेवढ्याच उंचीवर, त्यांनी तो धरून ठेवला होता.