पाठमोरी बानाबाई

बानाबाईला कुणी कागद दिला की ती आधी विचारायची, "यात काय लिव्हलंय?" मग दोनदा वाचून घ्यायची आणि दोन्ही वेळा सारखंच ऐकू आलं तरच अंगठा द्यायची. पडेगाव ओलांडून दौलताबादच्या रस्त्याला असलेल्या एका शाळेत ती अकरा वर्षं खिचडी शिजवत होती. अकरा वर्षांत चार मुख्याध्यापक झाले. चौघांनीही कपाळाला हात लावला आणि चौघांनीही मुकाट्यानं दोनदा वाचलं.

तिचा जन्म मेंढरांच्या वाड्यावरचा. चालायला लागली ती कळपामागं आणि लग्न झालं तेही मुंजाबा नावाच्या मेंढक्याशीच. दोन हजार तेराच्या दुष्काळात चारा नाही, पाणी नाही, तेव्हा मुंजाबानं कळप मोडला. मेंढरं गाडीत चढवताना तो ढसाढसा रडला. बानाबाई रडली नाही. दोघंही रडत बसले तर सामान कोण उचलणार, असा तिचा रोकडा विचार. पडेगावात येऊन मुंजाबा एका प्लॉटिंगवर वॉचमन झाला आणि ती शाळेच्या चुलीला लागली. ज्या माळावर तिनं लहानपणी मेंढरं चारली होती तिथं आता चार-चार मजल्यांच्या इमारती उठल्या होत्या. प्रत्येकीला एक बोअर होता आणि एकाही बोअरला पाणी नव्हतं.

कळपातलं आजारी जनावर हेरायची तिची एक रीत होती. सांजेला मेंढरं बसली की रवंथ कोण करत नाही तेवढं बघायचं. पळणारी, ओरडणारी मेंढी ठणठणीत असते. गुमान बसून तोंड न हलवणारीकडं लक्ष द्यायचं. शाळेतही वाढून झालं की ती पंगतीवरून तशीच नजर फिरवायची. म्हणून चोवीस सालच्या फेब्रुवारीत आठवीतली ज्ञानेश्वरी सलग तीन दिवस ताटात बोटं फिरवत बसली, ते सगळ्या शाळेत फक्त बानाबाईला दिसलं.

चौथ्या दिवशी तिनं पोरीला हाक मारली. "ये गं, ह्ये तांदूळ निवडू लाग. माझ्या डोळ्याला आता खडा दिसंना." हे साफ खोटं होतं. बानाबाईला पन्नास पावलांवरची गोचीड दिसायची. पण हात कामात असले की तोंड मोकळं होतं, हे तिला ठाऊक होतं.

अर्धं सूप निवडून झालं तेव्हा ज्ञानेश्वरी म्हणाली, "मावशी, मला पोरं टँकर म्हनत्यात."

मग सगळं बाहेर आलं. ज्ञानेश्वरीच्या वस्तीत सहा दिवसांनी टँकर यायचा, तोही नेमका शाळेच्या वेळेला. आई-बाप कामाला गेलेले, त्यामुळं पाइपाशी पोरगीच उभी. एकदा ती भिजलेल्या गणवेशातच धावत शाळेत आली आणि फाटकावर अडकली. मुख्याध्यापक काकासाहेब सरांनी शिस्तीसाठी एक योजना काढली होती. उशिरा येणाऱ्यांना फाटकाशी उभं करायचं, फोटो काढायचा आणि पालकांच्या ग्रुपवर टाकायचा. या योजनेचा त्यांना भारी अभिमान. घरच्या फोनात आलेल्या त्या फोटोतून वर्गातल्या कृष्णानं एकट्या ज्ञानेश्वरीला कापून काढलं, तोंडावर काळा चष्मा आणि मिशा चिकटवल्या, खाली 'टँकर आला रे' असं लिहिलं आणि त्याचं स्टिकर करून पोरांच्या ग्रुपवर सोडलं. आता कुणाला हसायचं असलं, कुणाला चिडवायचं असलं, की तेच. सकाळी उठल्या उठल्याही तेच.

"घरी सांगितलं?"

"नाय. अन् तुमी बी सांगू नका. बाबाला कळलं तर शाळा बंद करत्याल. मामाच्या वाड्यावर मेंढरामागं धाडायचं आधीच चाललंय."

बानाबाईनं सूप पाखडलं. मेंढरामागचं जिणं ती अर्धं आयुष्य जगली होती, त्याची तिला लाज नव्हती. पण ते तिला कुणी शिक्षा म्हणून दिलेलं नव्हतं. पोरगी काहीही न करता शिक्षा भोगणार, या विचारानं तिच्या अंगाचा तिळपापड झाला.

तिनं वर्गशिक्षिका मोनिका मॅडमना गाठलं. मॅडम वयानं लहान, पण कामात चोख. मुलांच्या फोनमधल्या त्रासाचं एक प्रशिक्षण त्यांनी उन्हाळ्यात घेतलं होतं. त्याची टिपणं त्यांनी काकासाहेब सरांना दिली होती आणि सरांनी ती कपाटात जपून ठेवली होती. शाळेत तक्रारपेटीही होती. ती मुख्याध्यापकांच्या दाराला टांगलेली होती, म्हणजे तक्रार टाकायची तर त्यांच्या डोळ्यांदेखत टाकायची.

दोघी मिळून सरांकडे गेल्या. काकासाहेब सर माणूस वाईट नव्हते, पण घाईचे होते. ऐकता ऐकताच ते तापले. "कोण तो कृष्णा? उद्या परिपाठाला हे पाठवणाऱ्या सगळ्यांना उभं करतो. त्यांचेच फोटो टाकतो ग्रुपवर! आणि मुलीच्या वडिलांना आत्ताच्या आत्ता बोलवा."

"सर," मोनिका मॅडम म्हणाल्या, "मुलीला विचारल्याशिवाय घरी कळवलं तर तिची शाळा सुटेल."

"आन फोटू कामून काढता परत?" बानाबाई मध्येच म्हणाली. "पयला बी तुमीच काढला व्हता."

सरांचे कान लाल झाले. "बानाबाई, तुमचं काम खिचडीचं. तेवढं बघा."

"व्हय सर," बानाबाई म्हणाली. "तेवढंच बघते."

आणि तिनं तेवढंच बघितलं. शाळेला रोज एक सक्ती असायची. खिचडी वाढताना ॲप्रन-टोपी घातलेल्या स्वयंपाकिणीचा फोटो काढून केंद्रप्रमुखांच्या ग्रुपवर टाकायचा. सोमवारी शिपायानं फोन उचलला आणि बानाबाईनं पाठ फिरवली. खिचडी वेळेवर झाली होती, मीठ-तिखट बेतशीर होतं, ताटं घासून लखलखीत होती. एकाही लेकराला तिनं ताटकळत ठेवलं नाही. फक्त तोंड दाखवलं नाही. मंगळवारी शिपाई तिच्या समोर गेला, तर ती गर्रकन उलटी वळली. बुधवारी त्यानं विनवणी केली. "मावशी, माझी नोकरी आहे."

"तुझी हाय, माझं तोंड माझं हाय," बानाबाई म्हणाली.

गुरुवारी केंद्रप्रमुखांचा फोन आला. "काकासाहेब, चार दिवस तुमच्या शाळेतून बाईंची पाठच येतेय. काही भानगड आहे का?"

काकासाहेब सर तरातरा स्वयंपाकाच्या खोपीकडे आले. अकरा वर्षांत मुख्याध्यापक चुलीपाशी येण्याची ही पहिलीच वेळ. बानाबाई मोठं पातेलं घासत होती. तिनं हात थांबवले नाहीत.

"हे काय चालवलंय तुम्ही? एका फोटोनं तुमचं काय जातं?"

"काय जात नाय."

"मग?"

"मग मला इचारा की. बानाबाई, फोटू काढू का? येवढंच इचारा. म्या व्हय म्हनंन, नायतर नाय म्हनंन." तिनं पातेलं पालथं घातलं आणि पहिल्यांदा सरांकडे बघितलं. "म्या म्हातारी बाई, मला पाठ फिरवता येती. त्या पोरीला फाटकाशी उभी केली, तिला कुठं वळता येत व्हतं? चार दिस माझं तोंड दिसंना तर वरून फोन आला. ती पोरगी आठ दिस खाली मान घालून बसलीया, तिचा कुनाला फोन आला?"

सर जवळच्या पाटावर टेकले. त्यांनाही दोन मुली होत्या. असा फोटो त्यांच्यापैकी कुणाचा कुणी टाकला असता तर आपण काय केलं असतं, हे त्यांना तिथं बसल्या बसल्या कळलं, आणि ते कळणं सोपं गेलं नाही.

"आता तो फोटो ग्रुपवरून काढून टाकता येत नाही," ते हळू आवाजात म्हणाले. "दिवस उलटले. सगळीकडे गेला असेल."

"गेलेला नाय येत. पर फोटू टाकायची चूक झाली, येवढं तर म्हनता येतं."

त्या दुपारी सरांनी पालकांच्या ग्रुपवर स्वतः लिहिलं. उशिरा येणाऱ्यांचे फोटो टाकणं ही माझी चूक होती, असे फोटो यापुढे कधी टाकले जाणार नाहीत, ज्यांच्याकडे आहेत त्यांनी पुसावेत. पाणी भरून येणाऱ्या मुलांना फाटक उघडं राहील, हेही लिहिलं. कुणाचं नाव घातलं नाही. पाठवण्याआधी मोनिका मॅडमनी ते ज्ञानेश्वरीला दाखवलं आणि तिनं मान हलवल्यावरच ते गेलं. कपाटातली टिपणंही बाहेर आली.

शनिवारी शेवटचा तास मॅडमनी फोनवरच्या गोष्टींसाठी ठेवला. सांगा, काय त्रास होतो, असं विचारल्यावर चाळीस तोंडांना कुलपं लागली. तेव्हा मागं बसलेली बानाबाई म्हणाली, "मला तर काय कळत नाय. ह्यो स्टिकर म्हंजी काय असतंय, दाखवा की कुनी." मास्तरकी करायला मिळाली की पोरांना दम निघत नाही. दाखवता दाखवता एक पोरगी म्हणाली, मला एक अनोळखी माणूस सारखा मेसेज करतो. एक पोरगा म्हणाला, ग्रुपातून काढलं की मला पोटात दुखतं. मॅडम लिहून घेत नव्हत्या, ऐकत होत्या. तास संपल्यावर प्रत्येकाशी वेगळं बोलायचं त्यांनी ठरवलं, आणि घरी काय कळवायचं ते त्या पोराला विचारूनच, हेही सांगितलं. कृष्णा तास संपल्यावर मागं रेंगाळला. त्याला ओरडा पडला नाही. ज्याला-ज्याला पाठवलंस त्याला-त्याला पुसायला सांगून ये, एवढंच काम मिळालं. ओरडा पडला असता तर बरं झालं असतं, असं त्याला चार दिवस वाटत राहिलं.

सगळं मार्गी लागलं असं वाटत होतं, तोच सोमवारी ज्ञानेश्वरीचा बाप रामहरी शाळेत आला. बांधकामावरून तसाच आलेला, पायांना सिमेंट, हातात फोन. तो दारातूनच म्हणाला, "सर, पोरीचा दाखला द्या."

बानाबाईनं गॅस बंद केला आणि पदराला हात पुसत ऑफिसात जाऊन उभी राहिली. तिला कुणी बोलावलं नव्हतं. या खेपेला सरांनी तिला खिचडीचं काम सांगितलं नाही.

"वस्तीत तोंड दाखवायला जागा ठिवली नाय," रामहरी म्हणाला. "आज कामावर वस्तीतलाच एक जन बोलला, ही तर तुझीच लेक. सगळे हसले. अशी शाळा नगं मला."

काकासाहेब सर उठून उभे राहिले. टेबलाच्या पलीकडून ते अलीकडे आले. "रामहरी, तुमच्या लेकीनं काही केलेलं नाही. ती पाणी भरून धावत शाळेत आली. फोटो मी काढला. ग्रुपवर मी टाकला. माफी मला मागायची आहे. दाखला हवाच असेल तर तुमचा हक्क आहे, पण माझ्या चुकीसाठी तिला काढू नका."

मोठ्या माणसानं, तेही मुख्याध्यापकानं, चूक कबूल केलेली रामहरीनं कधी ऐकली नव्हती. भांडायच्या तयारीनं आलेल्या माणसाचं भांडणच कुणी काढून घेतलं. तो खुर्चीत बसला.

"मावशी," तो सरांना सोडून बानाबाईला म्हणाला, "आमच्या टँकरच्या ग्रुपावर बी आलं व्हतं ते. मोबाइलची काच फुटलेली, वर चष्मा-मिशा. शाळंचा ग्रुप म्या कधी उघडतच नाय, मला वळखूच आली नाय. टँकर आल्याचा निरोप आला की म्या बी कामावरून तेच पाठवायचो. दोन-तीन येळा पाठवलं. हसून पाठवलं."

बानाबाईनं त्याची समजूत घातली नाही. "ह्ये मला नगं सांगू," ती म्हणाली. "तिला सांग."

मोनिका मॅडम ज्ञानेश्वरीला घेऊन आल्या. रामहरीनं फोन पुढं केला. पोरगीच आधी बोलली.

"मला म्हाईत व्हतं, बाबा. तुमच्या फोनातच पयल्यांदा बघितलं म्या. तुमीच पाठवलेलं."

पोरगी इतके दिवस का जेवत नव्हती, ते बानाबाईला आत्ता पुरतं कळलं. वर्गातल्या पोरांचं तिनं सोसलं असतं. बापाचं हसणं तिला सोसवलं नव्हतं. रामहरी लहान पोरासारखा हुंदके देत रडला आणि कुणीही त्याला गप्प केलं नाही.

सावरल्यावर तो म्हणाला, "टँकरला आतापास्नं म्या थांबतो. मुकादमाला सांगतो, त्या दिशी उशिरा येईन म्हनून. तू घंटेच्या आधी शाळंत जा." मग त्यानं फोन तोंडाजवळ धरला. टँकरच्या ग्रुपावर बोलून पाठवायचं होतं, कारण लिहिण्यात त्याचा हात बसलेला नव्हता. बटणावर अंगठा ठेवला आणि तो थांबला.

"ज्ञाना, त्यास्नी सांगतो की ते चितर पुसा, ती माझी लेक हाय." त्यानं तिच्याकडं बघितलं. "तुजं नाव घिऊ का?"

ज्ञानेश्वरीनं विचार केला. तिला कुणी घाई केली नाही.

"घ्या," ती म्हणाली. "अन् आठवीत हाय, ते बी सांगा."