आधी खावा

ती कोणाच्याही दारात गेली, की पहिल्यांदा त्याच्या तळहातावर गुळाचा खडा ठेवायची. "आधी खावा, मग न्हाई म्हना." अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. खडा तोंडात विरघळू लागला, की नाही म्हणणं जड जातं. तो गूळही तिने आधीच्या दारातून मागून आणलेला असे.

साताऱ्यात स्टँडजवळ माजी सैनिकांच्या मंडळाच्या दोन खोल्या होत्या. म्हसवडकडून पेन्शनला आलेले लोक तिथे पाठ टेकत. माझे वडील, आबा, निवृत्त सुभेदार, मंडळाचे अध्यक्ष. लढाई चालू होती तोवर मंडळाला काही कमी पडलं नाही, कारण गोऱ्या साहेबलोकांना पत्रं मी लिहीत असे. पाचगणीला शिकलेलं माझं इंग्रजी त्यांना आवडे. मनीऑर्डरी येत आणि आबा आल्यागेल्याला माझं पत्र वाचून दाखवत. चारचौघांत माझ्या तोंडून शब्द फुटत नसे. पत्रात मात्र मी हवं ते मागायची.

लढाई संपली, साहेब मायदेशी गेले. उत्तरं येईनात. भाडं थकलं आणि मालकाने खोल्या सोडायला सांगितल्या.

त्याच आठवड्यात ती आली. उंब्रजची, लढाईत नवरा गेलेली, माझ्याच वयाची. पेन्शनीच्या कामासाठी खोलीवर उतरली होती.

"आवं सुभेदार, खोल्या कशाला सोडताय? गुऱ्हाळं सुरू झाल्याती. एक फेरी मारून येते की!"

गुऱ्हाळागणिक हिंडून तिने गुळाच्या ढेपा मागून आणल्या, विकल्या आणि भाडं भागवलं. ती तिथेच राहिली. पुढच्या हंगामात तिने छपराचे पत्रेसुद्धा बदलले. आबा जेवताना स्वतःशीच हसत. "काय बोलते ही पोर!" माझ्या पत्रांचं नाव निघेनासं झालं.

मी तिच्यात खोट शोधत राहिले. मिश्रीने काळे झालेले दात, पायरीवर बसून मोठ्याने बोलणं. ती माझ्यापुढेही खडा धरायची. "अक्का, घ्या की."

"मला गूळ सोसत नाही."

"मग सायबाचं बिस्कुट आनू व्हय?"

सगळे हसत. आबाही.

मग सांगलीकडच्या भावाने तिला कायमचं बोलावून घेतलं. आबांचा चेहरा पडला. मला बरं वाटलं. ते मी कोणाला दिसू दिलं नाही.

मोटार सुटताना खिडकीतून तिचा हात आला. निघालेल्या माणसाला नाही कसं म्हणायचं? मी खडा तोंडात टाकला.

"खाल्ला न्हवं?" ती हसली. "मग आता फेरीला तुमी. उंब्रजापास्नं सुरुवात करा."

तिने माझ्या हातात गुळाची पुरचुंडी कोंबली. पहिल्या दारासाठी.

मोटार वळणाआड गेली. आबा माझ्याकडे बघत होते आणि माझ्या तोंडात अजून गूळ होता.