जाधवकाका आणि ईएन ट्वेंटीफोरची ठिणगी

कारखान्यातले किस्से भंगारासारखे साठतात. कोणी मुद्दाम टाकत नाही, पण कोपरा भरलेला असतो! आमच्या देवासच्या शाफ्ट बनवणाऱ्या कारखान्यात निम्मे किस्से एकट्या जाधवकाकांचे. काका क्वालिटीचे प्रमुख, मी त्यांच्या हाताखाली. विश्वास कोणावरच ठेवायचा नाही, हा त्यांचा बाणा. त्यांच्यानंतर ती खुर्ची मला द्यायची की बाहेरचा माणूस आणायचा, हे काकांच्या एका शब्दावर होतं. रिटायर होण्याआधी त्यांनी माझ्या रिपोर्टवर एकदा तरी न तपासता सही करावी, एवढंच मला हवं होतं.

*

धार शहराकडून पोलादी बारचा ट्रक आला. टोकांना पिवळा रंग, म्हणजे आमच्याकडे ईएन ट्वेंटीफोर, निकेल-क्रोमचं दणकट पोलाद.

ड्रायव्हर म्हणाला, "भिया, रंग देख लो, असली माल है."

"रंगपंचमीला मलाही पिवळा करतात," काका म्हणाले, "मी काय ट्वेंटीफोर झालो?"

ट्रक संध्याकाळपर्यंत गेटवरच!

*

एका बारचा कडकपणा मशीनवर अगदी बरोबर आला. मी खूश. काकांनी तो मधोमध कापायला लावला. आत नरम! स्वस्तातलं ईएन एट पोलाद फक्त वरवर कडक करून पाठवलं होतं.

"वरून सगळेच कडक असतात रे," काका म्हणाले आणि, का कोण जाणे, माझ्याकडे पाहिलं.

*

परचेसच्या नेहाने एकदा समजावलं, "काका, ड्रॉइंगवरचं हे लांबलचक नाव आपल्या ट्वेंटीफोरचंच. सुरुवातीचा चाळीस हा आकडा म्हणजे कार्बनचं प्रमाण. अमेरिकन लोक त्यालाच तिसऱ्या नावाने ओळखतात."

"तीन नावं? मग आधी त्याची चौकशी करा!"

*

काकांच्या भाचीसाठी राजगढचं स्थळ आलं. काकांनी मुलाला भर उन्हात जीपचं चाक बदलायला लावलं. मुलगा घामाघूम झाला, पण चिडला नाही.

"वाकतो, तुटत नाही," काकांनी निकाल दिला. "होकार कळवा!"

*

काकांचा शेवटचा दिवस. क्रेनच्या पिनांसाठी बार आले होते. पिन तुटली तर खाली माणसं असतात. मी तुकडा ग्राइंडरवर धरला, पोलादाची जात ओळखायला उडणारी ठिणगी पाहिली, ट्वेंटीफोरच असल्याचा रिपोर्ट लिहिला.

काकांनी न वाचता सही केली!

"तुझ्यावर भरवसा आहे रे."

माझे डोळे भरून आले. मी सगळ्यांना पेढे वाटले. शेवटचा स्वतःच्या तोंडाशी नेला आणि तसाच परत डब्यात ठेवला. काकांनी सही केलीच कशी?

तोच तुकडा उचलून मी ग्राइंडरकडे पळालो.

काका तिथे आधीच उभे होते. ग्राइंडरवर घालायचा एक चष्मा त्यांच्या डोळ्यांवर होता, दुसरा त्यांनी माझ्यापुढे धरला.