बाबनी टेलरला मी वाहिलेली श्रद्धांजली

लहानपणी तिन्हीसांजेला पलीकडच्या डोंगरावरून कधीकधी कुकारो यायचा. कूऽऽऽ असा, लांब आणि एकदाच. गुरं परतवायचा कुकारो तुटक असतो. हा तसा नव्हता. तो ऐकला की आई चुलीतलं लाकूड बाहेर ओढायची आणि म्हणायची, "गेला कोणतरी." कोण गेलं ते मागाहून कळायचं. चूल आधी विझायची.

आता आमच्या कोरगावात कुकारो कोणी मारत नाही. आता खिशातला मोबाईल वाजतो. त्या आवाजावर भरवसा ठेवून मी जो घोळ घातला तो सांगतो, पण त्याआधी हातातला चहाचा कप खाली ठेवा. गरम चहा नाकातून आला तर मला बोल लावाल.

मी काजूची भट्टी लावणारा माणूस. शाळा थोडीच झाली. मराठी अक्षर वाचतो, पण लादलेला बैल चढ चढतो तसं. बोलणंही सावकाश. सून म्हणते, बाबांचं एक वाक्य संपेपर्यंत भात शिजतो.

झेरॉक्सवाल्या उल्हासने गावाचा ग्रुप काढला. त्यात गावातले, मुंबईचे, आखातातले, बोटीवरचे, सगळे. माझी बायको गेली तेव्हा त्या ग्रुपवर किती माणसं बोलली म्हणून सांगू! सून रोज संध्याकाळी मला एकेक वाचून दाखवायची. बोटीवरच्या एकाने लिहिलं होतं, काकीने दिलेली फणसाची साठं मी अजून चाखत चाखत खातो. ते ऐकून त्या दिवशी मी पोटभर जेवलो. तेव्हाच ठरवलं, ग्रुपवर कोणाचाही फोटो येऊ दे, सदू गप्प राहणार नाही.

लिहायला जमत नाही, पण एक बटण दाबून धरलं की बोलणं पलीकडे जातं, ते जमलं. उल्हास रोज कोणाचा ना कोणाचा फोटो टाकायचा. कधी गावातली म्हातारी, कधी मोठा पुढारी, कधी गायिका. हार, समई, हात जोडलेले. मी बटण दाबायचो.

एकदा एका थोर पुढाऱ्याचा फोटो आला. मी म्हटलं, "कालपरवापर्यंत धडधाकट होते, असं अचानक काय झालं?" सुनेने सांगितलं, ते माझ्या जन्माच्या आधीच वारले होते. मी म्हटलं, मग दुःख जुनं आहे, खोटं नाही.

हळूहळू माझं नाव झालं. बाजारात लोक म्हणू लागले, सदूमामाची श्रद्धांजली पडल्याशिवाय माणूस नीट मेल्यासारखा वाटत नाही. आता एवढं म्हटल्यावर छाती फुगणार नाही का? फुगली.

आता बाबनी टेलर. माझ्या बरोबरीचा. एका डबक्यात पोहायला शिकलो, एका झाडाचे आंबे पाडले. मग गोव्याला राज्य मिळायच्या आगेमागे राजभाषेवरून रान पेटलं. मी मराठीच्या बाजूचा, तो कोंकणीच्या. त्याने कोंकणीत गाणी रचली, ती सगळ्या तालुक्यात गाजली. भर बाजारात आमची जुंपली. मी मराठीसाठी भांडत होतो ते कोंकणीत, आणि तो कोंकणीसाठी मला शिव्या देत होता त्या मराठीत. कारण त्याच्या सगळ्या चांगल्या शिव्या दशावतारी नाटकातल्या राक्षसांकडून आलेल्या!

सरकारने भाषेचा प्रश्न सोडवला. आमचा राहून गेला. त्या दिवसापासून तो वाटेत दिसला की मी गटाराकडे बघायचो आणि तो माडाकडे.

पण माझे शर्ट शिवायचा तोच. बायको कापड नेऊन द्यायची आणि शिवलेला शर्ट घेऊन यायची. ती गेल्यावर सून नेऊ लागली. माप द्यायला मी कधी गेलो नाही.

तर त्या दिवशी दुपारी मोबाईल वाजला. बघतो तर बाबनीचा फोटो. गळ्यात हार, बाजूला समई, खाली जोडलेले हात. त्याखाली इंग्रजी अक्षरांत लांबलचक कोंकणी. ती मला कुठली वाचता येणार?

अंगठा आपोआप बटणाकडे गेला. पण मी उतावळा माणूस नाही. म्हटलं, खात्री करू. जनेलात, म्हणजे खिडकीत, जाऊन बसलो. तिथून शेतापलीकडे बाबनीचं अंगण दिसतं. थोड्या वेळाने एक टेम्पो आला आणि त्यातून प्लास्टिकच्या कदेली उतरू लागल्या. आमच्याकडे माणूस गेला की भटजीच्याही आधी त्या खुर्च्या येतात. दुसरी खूण मिळाली.

तरी म्हटलं, आणखी थांबू. आमच्या देवळात रोज तिन्हीसांजेला ढोल वाजतो. गावात मढं असलं तरच वाजत नाही. मी कान लावून बसलो. दिवेलागण झाली, वटवाघळं उडाली, ढोल वाजला नाही.

आता तुम्ही विचाराल, फोन करून का नाही विचारलं? अहो, मढं असलेल्या घरी फोन करून "खरंच गेला काय?" असं कोणी विचारतं का? काही रीत आहे की नाही? सून पणजीहून यायची होती. शेजारी कोणी दिसेना. दिसणार कसे, तेही तिकडेच गेले असणार.

मी बटण दाबलं. इतकी सोपी श्रद्धांजली मी कधी वाहिली नव्हती. शब्द शोधावे लागलेच नाहीत.

मग चूल पेटवली. मढ्याच्या घरी चूल पेटत नाही, शेजाऱ्यांनी पेज न्यायची असते. पेज शिजवली, मिठातल्या कैऱ्या घेतल्या, पांढरा शर्ट घातला आणि टोप डोक्यावर घेऊन शेताच्या मेरेवरून निघालो. वाटेत म्हटलं, बाबनी, इतकी वर्षं तुझ्या अंगणात पाय ठेवला नाही, आणि आज ठेवतोय तो असा.

अंगणात पोचलो. कदेलींवर माणसं बसलेली, सगळी गप्प. बायका एका बाजूला. देवळातले ढोलवालेही ढोल मांडीवर घेऊन गप्प. मला रडू फुटणार, एवढ्यात समोर बघितलं. फळ्यांचा मंच होता. मंचावर खुर्ची. खुर्चीत, अंगावर शाल आणि मांडीवर नारळ घेऊन, मढं स्वतः बसलं होतं.

मी म्हटलं, आमच्याकडे बसवून तर नेत नाहीत. मग मढ्याने नाक खाजवलं.

त्याचा सत्कार होता, बाबांनो! कोंकणीची सेवा केली म्हणून तालुक्याचा सत्कार. गप्प होते कारण मंत्र्यांची वाट बघत होते. ढोलवाले त्यांनाच वाजवत आणायला थांबलेले. आणि उल्हासकडे हाराचं एकच चित्र आहे. जिवंताला तेच, मेलेल्याला तेच.

मी तसाच मागे फिरणार होतो. पण मंत्री उशीर करत होते, लोक जांभया देत होते, आणि उल्हासच्या हातात माइक होता. त्याने मोबाईल बघितला आणि जाहीर केलं, "आपल्या सगळ्यांच्या लाडक्या सदूमामांनी खास या प्रसंगासाठी संदेश पाठवला आहे. तो ऐकूया." आणि न ऐकताच मोबाईल माइकला लावला.

माझाच आवाज कर्ण्यातून समोरून आला. आणि किती सावकाश!

"बाबनी... गेलास तू. गावाक वाटता, आमी एकामेकाचे दुस्मान. बाबनी माझ्याकडे बोलूक नाय ह्यां खरां. पण माझ्या शर्टाचां माप त्येणां कधी घेतलां नाय. मी बारीक होतंय तेवा शर्ट बारीक. माझां पोट सुटलां तेवा शर्ट सुटलो. बायल गेली, मी सुकलंय, तर शर्ट आपसूक आत इलो. माडाकडे बघता बघता तो माका बघी होतो. नाय तर माप गावतलां खयसून?"

अंगणात एकही जांभई राहिली नाही. मी टोप घेऊन तुळशीआड सरकलो. मला पुढचं माहीत होतं.

"बाबनी कोंकणीचो वाघ. पण चवथीक आरती मराठीतच म्हणता, ती माझ्या घरापर्यंत ऐकाक येता, आणि मी हयसून त्येका साथ दितंय. तसो तो चुकीचो माणूस नाय. उरलेलां कापड तेवडां त्येणां कोणाक परत दिलां नाय. त्येच्या घरातल्यो सगळ्यो उशयो गावाच्या शर्टांच्यो. पण मेल्ल्या माणसाचां वायट बोलू नये. आता माजो शर्ट कोण शिवतलो रे, बाबनी?"

अर्धं अंगण हसत होतं, अर्धं डोळे पुसत होतं. उल्हास माइक कुठे लपवावा ते शोधत होता. बाबनी मात्र डोळे मिटून शांत बसलेला.

तेवढ्यात वाटेवर गाडीचे दिवे दिसले. मंत्री आले म्हणून ढोलवाल्यांनी जो दणका दिला तो विचारू नका. गाडी थांबली आणि आतून हार घेऊन हंबरडा फोडत उतरला बाबनीचा मेहुणा, फोंड्याचा! त्याने ग्रुपवर माझा आवाज ऐकला होता. बहिणीला फोन लावला तर तिने उचलला नाही. ती लाडू वाटण्यात गुंतलेली. त्याने काय समजायचं ते समजून गाडी केली.

तो रडत मंचावर चढला. बाबनीने डोळे उघडले, मेहुणा हार घेऊन समोर उभा बघून हसला, आणि मान पुढे केली. मेहुण्याला दुसरं काय सुचणार? घातला हार.

मग बाबनीची नजर तुळशीआड गेली. तो मंचावरून खाली उतरला, सरळ माझ्याकडे आला आणि हाताला धरून मला मंचावर नेऊन शेजारी बसवलं. टोपावरचं झाकण काढून आत बघितलं. आपल्या बायकोला, शेवंती वहिनींना, खूण करून वाट्या मागवल्या. आणि सगळ्या तालुक्यासमोर आम्ही दोघांनी त्याच्या मरणाची पेज खाल्ली.

एक शब्द बोलला नाही. पण मी म्हटलं, एवढं सगळं ऐकून माणसाने हात धरला, आणखी काय पाहिजे? त्या रात्री मी फार चांगला झोपलो.

सकाळी त्याच्या दुकानात गेलो. तो मशीनवर बसला होता. एक बाई ब्लाउजसाठी खोळंबली होती. बाबनीने मला बघून स्टूल पुढे ढकललं. मी बसलो आणि म्हटलं, "काल सगळां ऐकलस. राग नाय मां?"

"काय ऐकलंय?"

"माझां बोलणां. कर्ण्यातसून इलां तां."

त्याने खिशातून कानात घालायचं यंत्र काढून दाखवलं. "माइक सुरू झालो की ह्यां कानात शिटी मारता. म्हणान काढून ठेवललंय. थयसर भाषणां कोण ऐकता?"

सगळ्या गावाने ऐकलं, मुंबईने ऐकलं, आखाताने ऐकलं. ज्याच्यासाठी बोललो तो एकटाच ऐकायचा राहिला होता!

"मगे माझी पेज कित्याक खाल्लस?"

"सगळ्यांनी शाली हाडल्यो. ह्या वयात शाली घालून मी खय जातलंय? तू एकटोच खावची वस्तू घेवन इलस. म्हटलां, सदू शाणो झालो." मग त्याने मशीन थांबवलं. "सकाळधरून जो तो माका बघून हसता. बायल रडता. तू बोललस तरी काय?"

मी घाईघाईने मोबाईल काढून त्याच्यापुढे धरला. म्हटलं, यंत्र घाल आणि ऐक.

त्याने यंत्र कानात घातलं, पण मोबाईल बाजूला सारला. "तां तू मेल्ल्या बाबनीक सांगितलस. मी जितो आसंय. तोंडार सांग."

आणि माझ्याकडे बघत बसला. माडाकडे नाही, माझ्याकडे. ब्लाउजवाल्या बाईनेही पिशवी खाली ठेवली.

मी घसा साफ केला. परत एकदा केला. ज्याने आपल्या जन्माआधी मेलेल्या पुढाऱ्यालाही श्रद्धांजली वाहिली, त्या माझ्या तोंडात जीभ लाकडासारखी झाली.

बाई हळूच म्हणाली, "टेलरमामा, ह्येंका बटण होया आसतलां."

मी उठलो, चपला पायांत सरकवल्या आणि मोबाईलचं बटण दाबून धरून चालू लागलो.